चौथा मजला

बुधवार, १२ सप्टेंबर १९८४

माझ्या नावदिवसाला, म्हणजे माझ्या नावाच्या संताच्या सणाला, उर्शुलाने ही वही दिली तेव्हा मी म्हटलं होतं, "माझ्याकडे लिहिण्यासारखं काय आहे? बटाटे सोलल्याचा वृत्तांत?" सून म्हणाली, "असू द्या हो आई, कधीतरी लागेल." आज लागली. आज बागेत सेवेरिन पाकुवाने मला लग्नाचं विचारलं.

नदीकाठी कामगारांना बागेचे तुकडे दिलेत, त्यात त्याचा तुकडा माझ्या तुकड्याला लागून आहे. माणूस अडुसष्टचा, विधुर. जन्मभर गिलाव्याचं काम केलं, युद्धानंतर नदीपलीकडचं जुनं शहर नव्याने उभं केलं त्यातही होता, आता निवृत्त. बोलायच्या आधी टोपी मागे सरकवतो, बोलून झालं की पुढे घेतो. माझं काही त्याच्याकडे लक्ष नसतं, पण कुंपण बुटकं आहे, दिसतं.

हातात पाण्याची झारी घेऊनच म्हणाला, "अपोलोनियाबाई, हिवाळा येतोय. दोन घरी दोन किटल्या कशाला उकळायच्या?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे लग्न. मी एकदाच विचारतो. या वयात पुन्हा पुन्हा विचारणं बरं दिसत नाही."

मी म्हटलं, "माझे टोमॅटो काढायचे राहिलेत," आणि वाकले. म्हणजे नाही, हे कुणालाही कळावं. नीट तोंडाने रविवारी सांगेन. एकसष्टाव्या वर्षी लग्न! शिवाय राहायचं कुठे? आमच्या दोन खोल्यांत मी, मुलगा लुदोमिर, सून उर्शुला आणि नात किंगा, चार जीव. नव्या घराच्या यादीत लुदोमिरचं नाव नऊ वर्षं लटकतंय. आणि सेवेरिनची जागा आहे नदीपलीकडे वर, जुन्या शहरात, पिवना रस्त्यावर. विषयच संपला. मी तिथे पाय ठेवत नाही.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

बागेतल्या कुणीतरी लुदोमिरला सांगितलं. कामावरून आला तो बूट न काढताच स्वयंपाकघरात.

"आई, हे खरं आहे?"

"काय?"

"तो गवंडी."

"गवंडी नाही, गिलावेवाला."

"मग तर फारच छान! बाबांना जाऊन तीन वर्षं झाली नाहीत अजून."

"झाली. फेब्रुवारीत झाली. मेणबत्त्या मीच नेल्या होत्या. तू दौऱ्यावर होतास."

तो लाल झाला. म्हणाला, त्या म्हाताऱ्याला आयती स्वयंपाकीण हवी आहे. म्हणाला, लोक हसतील. मग म्हणाला, "तूच म्हणायचीस ना, तो वरचा नव्याने बांधलेला राजवाडा म्हणजे नाटकाचा पडदा, खरा होता तो पडला. मग हे काय वेगळं आहे? पडलेल्या घरावर रंगवलेला पुठ्ठा!"

 मी चोवीस वर्षं ट्राममध्ये तिकिटं फाडली, दारुड्यांना मधल्या थांब्यावर उतरवलं, आणि पोटच्या पोरापुढे उत्तर सुचलं नाही. शेवटी तो म्हणाला, "मी हे होऊ देणार नाही."

होऊ देणार नाही! मी तर नाहीच म्हणणार होते. आता थांबा म्हणावं. आता मी विचार करणार.

उर्शुला सगळा वेळ भांडी आपटत होती. तिला काय, सासू जाते म्हटल्यावर आनंदच.

रविवार, १६ सप्टेंबर

बागेत गेले. सेवेरिन काकडीचे वेल उपटत होता. मी म्हटलं, "मी नाही म्हणायला आले होते."

"बरं."

"पण म्हणत नाही. हो पण म्हणत नाही. तुमची जागा वर आहे आणि मी वर येत नाही."

त्याने टोपी मागे सरकवली. "कधीच आला नाहीत?"

"चव्वेचाळीसनंतर नाही."

"खालून ट्राम तर रोज..."

"खालून. बोगद्यातून. दिवसातून सोळा-सोळा वेळा. वर नाही."

त्याने पुढे काही विचारलं नाही. लोक विचारतात, हा नाही विचारत. वेल गोळा करत म्हणाला, "पुढच्या रविवारी एकदा वर या. मग नाही म्हणा. पाहून नाही म्हणालात तर मला वाईट वाटणार नाही." आणि टोपी पुढे घेतली. खोटं बोलत होता, वाईट वाटलं असतं.

गुरुवार, २० सप्टेंबर

झोप नीट नाही. लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

आम्ही पिवनावर राहत होतो, चौथ्या मजल्यावर. आई, मी आणि तेक्ला. तेक्ला अकराची. जर्मनांविरुद्धच्या उठावाचा पाचवा आठवडा होता, दोघी तळघरात होत्या. मी पुढच्या चौकातल्या पंपावर पाण्याच्या रांगेत होते. विमानं आली. परत आले तेव्हा घर नव्हतं, रस्ताही नव्हता, फक्त धूळ. बादल्या दोन्ही भरलेल्या होत्या, सांडल्या नव्हत्या. पुढे जर्मनांनी राजवाड्याच्या भिंतींना भोकं पाडून सुरुंग भरले आणि उरलंसुरलं उडवलं. ढिगाऱ्याखालच्या माणसांना म्हणे नंतर बाहेर काढलं. कुठे नेऊन पुरलं ते मला कुणी सांगू शकलं नाही.

मग युद्ध संपल्यावर सरकारने त्या जागेवर सुंदर सुंदर घरं बांधली. रंगीत. सगळं गाव बघायला गेलं. मी नाही गेले. माझ्या नवऱ्याने, इग्नात्सीने, कधी आग्रह केला नाही, चांगला माणूस होता.

झालं, लिहिलं. काही डोक्यातून गेलं नाही.

शनिवार, २२ सप्टेंबर

लुदोमिर आठवडाभर माझ्याशी किंगाच्या मार्फत बोलतोय. "आजीला सांग, मीठ दे." मीही म्हटलं, "बाबाला सांग, समोरच आहे."

उर्शुलाने न विचारता माझा निळा ब्लाउज इस्त्री करून खुर्चीवर ठेवला. वर म्हणते, "उद्या ऊन असणार आहे, आई." हिला कुणी सांगितलं मी उद्या कुठे जाणार ते? कपाटं उचकते, दुसरं काय.

रविवार, २३ सप्टेंबर

आज सगळं सविस्तर लिहिते.

निळा ब्लाउजच घातला, कारण दुसरा धुवायला होता. सेवेरिन ट्रामच्या थांब्यावर कोट घालून उभा. बूट असे चमकवलेले की त्यात तोंड दिसावं. पूल ओलांडला, बोगद्याच्या तोंडाशी उतरलो. सरकता जिना समोर.

मी म्हटलं, "बंद पडेल हा."

"पडतो कधीकधी."

"मग आज पडू दे."

नाही पडला. मी कठडा धरला तो वर येईपर्यंत सोडला नाही. वर चौक, खांबावर राजाचा पुतळा, फुगेवाला, आणि उजवीकडे तो राजवाडा, विटकरी गुलाबी, घड्याळासकट. मला वाटलं होतं रडू येईल. राग आला. इतका नीटनेटका! खिडक्या पुसलेल्या! जसं काही झालंच नाही.

सेवेरिन एक पाऊल मागून चालत होता. मी सरळ पिवनावर वळले, पाय आपोआप गेले. आमचा नंबर सापडला. दाराच्या वर दगडी वेलबुट्टी, भिंतीवर सोनेरी पट्टा.

"हे आमचं घर नाही," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, लोक वळून बघायला लागले. "आमच्या दाराचा हिरवा रंग सुटलेला होता. जिन्यात मांजरांचा वास यायचा. संडास अंगणात. ही वेलबुट्टी कुणाच्या बापाची?"

सेवेरिनने टोपी काढून हातात घेतली.

मग मी वर बघत मजले मोजले. पुन्हा मोजले. वर छप्पर होतं.

"चौथा कुठे आहे?"

"अपोलोनियाबाई..."

"चौथा मजला कुठे आहे?"

"बांधला नाही. नकाशात नव्हता. राजांच्या वेळी इथे तीनच होते म्हणाले. वरचा नंतर कुणी भाड्यासाठी चढवलेला, म्हणून तो काढला."

"राजाला कोण विचारतं! तिथे आम्ही होतो!"

मी दार ढकलून आत गेले. जिना चढले, धाप लागली तरी थांबले नाही. तिसऱ्या मजल्यावर एका बाईने दार उघडलं. केस कुरळे करायला लावलेल्या गुंडाळ्या, हातात उलथनं.

"कोण हवंय?"

"कुणी नको. मी इथे राहायचे."

"कधी? आम्ही त्रेपन्नपासून आहोत."

"त्याआधी. चौथ्या मजल्यावर."

"चौथा मजला नाहीये, बाई."

"माहीत आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं, मागून धापा टाकत येणाऱ्या सेवेरिनकडे पाहिलं. उलथनं खाली ठेवलं आणि खुंटीवरची किल्ली काढून दिली. "माळ्यावर चादरी वाळत घातल्यात. सांभाळून जा. हात काळे असतील तर लावू नका."

माळ्यावर ओल्या चादरी, साबणाचा वास आणि छपराला एक झडप. मी एक पेटी ओढली, तिच्यावर चढले आणि झडप उघडून डोकं बाहेर काढलं. सेवेरिन खाली पेटी धरून उभा होता, म्हणत होता, "पडाल हो, पडाल."

डोकं बाहेर आणि धड आत. हिशेबाने माझी हनुवटी आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीला टेकली असणार. इथे चूल, तिथे तेक्लाचा पलंग, त्यावर आईचा कोट, कारण पांघरूण एकच. आता नुसती हवा होती, आणि नदी दिसत होती. आमच्या खिडकीतून दिसायची तशीच. ते काही बदललेलं नव्हतं. किती वेळ उभी होते कोण जाणे. खाली उतरले तेव्हा तोंड ओलं होतं. चादर लागली असेल.

मी सेवेरिनला म्हटलं, "तुम्ही माझं घर चोरलंत."

तो म्हणाला, "मला कुणी सांगितलं असतं तर मी चौथा बांधला असता. चोरून बांधला असता."

त्याच्यावर ओरडायचं म्हणून इतकी वर्षं साठवलेलं सगळं होतं माझ्याकडे. ओरडताच येईना.

बाईने चहा पाजला, काचेच्या पेल्यात, वर दोन तळलेली गोड पोंचकी. तिच्याही आजीचं घर म्हणे तिकडे पूर्वेला राहिलं, आता दुसऱ्या देशात. "तुम्ही निदान जिना चढून आलात," म्हणाली.

त्यानंतर मीच म्हटलं, "चला, आता राजाचंही घर बघू. त्याचा मजला कापलाय का ते बघते."

राजवाडा लोकांसाठी उघडून महिना नाही झाला, रांग चौकापर्यंत. आत बुटांवर फेल्टच्या मोठाल्या सपाता चढवाव्या लागतात. त्या सपातांत सगळे श्रीमंत-गरीब बदकासारखे घसरत चालतात, ते एक बरं. दिवाणखाने सोन्याचे, छतावर देव, आरशात मी. निळा ब्लाउज ठीक दिसत होता.

"राजाचं सगळं परत आलं," मी म्हटलं. "आमची मोरीसुद्धा नाही आली."

"हो," सेवेरिन म्हणाला. "बरोबर नाही झालं ते."

वाद घालेल म्हणून मी थांबले होते. दुसरा असता तर म्हणाला असता, असं नाही बघायचं बाई, राष्ट्राचा वारसा वगैरे. हा म्हणतो, बरोबर नाही झालं.

एका खिडकीच्या चौकटीत एक दगड काळपट, कोपरा तुटलेला, बाकीचे नवे गुळगुळीत. सेवेरिन म्हणाला, "हा मूळचा आहे. लोकांनी ढिगाऱ्यातून उचलून लपवून ठेवला होता. मी त्याच्या कडेने गिलावा केला, वर नाही चढवला." मी हात ठेवला. गार होता.

"बाई! हात नाही लावायचा!" कोपऱ्यातली पहारेकरीण खुर्चीतून उठली.

"चाळीस वर्षं नाही लावला. आज लावणार."

"नियम आहे!"

"असू दे. तुम्ही ओरडा, मी हात ठेवते. दोघी आपापलं काम करू."

ती बिचारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी सेवेरिनला विचारलं, "तुम्ही तर खेड्यातून आलेले. तुमचं इथे काय होतं? कशाला जन्म घालवलात यात?"

त्याने टोपी मागे सरकवायला हात नेला, पण टोपी हातातच होती. "जर्मनांनी ठरवलं होतं की इथे काहीही उरता कामा नये. कागदावर लिहून ठरवलं होतं. मला राग आला."

"बस?"

"बस. इतिहास वगैरे मला तेव्हा येत नव्हता. वाचताही नीट येत नव्हतं. राग यायचा. सकाळी उठलो की यायचा, मग थापी उचलायचो."

आणि मला एकदम लुदोमिरला द्यायचं उत्तर सापडलं. सांगेन त्याला.

मी म्हटलं, "सेवेरिनसाहेब, तुम्ही एकदाच विचारणार होतात."

"हो. शब्द आहे माझा."

"म्हणून मी विचारते. कराल का माझ्याशी लग्न?"

त्याने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. पाठीमागे सपाता घासत रांग उभी. पहारेकरीण म्हणाली, "पुढे सरका, पुढे सरका, गर्दी करू नका." मग जरा थांबून, "आणि साहेब, हो म्हणा ना लवकर, लोक खोळंबलेत!"

तो हो म्हणाला. मागचा एक म्हातारा टाळ्या वाजवायला लागला.

हे मी लुदोमिरने नको म्हटलं म्हणून केलं, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. दुसरं कारण नाही. परतीच्या ट्राममध्ये त्याने माझा हात धरला होता. गर्दी होती, पडले असते.

सोमवार, २४ सप्टेंबर

लुदोमिरला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तू आता त्या पुठ्ठ्यात राहणार."

मी म्हटलं, "पुठ्ठा नाही तो. जर्मन म्हणाले हे नसावं, म्हणून लोकांनी ते हट्टाने असवलं. तुझ्या बाबांबरोबरचं माझं घर कुणी पाडलं नाही, ते संपलं. ते तसंच राहील. त्याच्यावर मी काही चढवत नाही. पण कुणी मला म्हणेल, आता तू नसावंस, कोपऱ्यात बस, नातीचे मोजे विण, तर मी असणार. ठणठणीत असणार."

"मी लग्नाला येणार नाही."

"नको येऊस. जिना खूप आहे."

तो दार आपटून गेला. जाताना मी भरून ठेवलेला डबा मात्र घेऊन गेला. उर्शुला भिंतीकडे तोंड करून उभी होती, खांदे हलत होते. हसत होती की काय, कळलं नाही.

गुरुवार, १ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. इग्नात्सीच्या थडग्यावर शेवंती आणि चार दिवे. सेवेरिनही आला, लांब उभा राहिला, मग पुढे येऊन थडग्यावरची पानं झाडली. इग्नात्सीला हा आवडला असता, बुद्धिबळात हरवून हरवून.

संध्याकाळी आम्ही पिवनावर गेलो. आमच्या दाराशी मी दोन दिवे लावले. आजवर कुठे लावायचे माहीत नव्हतं म्हणून कधी लावलेच नव्हते. गुंडाळ्यावाली बाई खाली आली, तिने तिसरा आणून ठेवला. म्हणाली, "वारा आहे, मी बघत राहीन." तेक्लाचं नाव चाळीस वर्षांनी मोठ्याने उच्चारलं. उच्चारता आलं.

शनिवार, १७ नोव्हेंबर

झालं लग्न. चर्चमधलं सकाळी, सरकारी दुपारी, जुन्या शहरातल्याच नोंदणी कचेरीत. आमच्या आधीची नवरी एकोणीसची, आमच्या नंतरची वीसची. अधिकारी बाईने सवयीने "तरुण जोडप्या" म्हणून सुरुवात केली आणि अडखळली. मी म्हटलं, "वाचा, वाचा, चुकलं नाही."

तिने विचारलं, आडनाव कोणतं घेणार? मी म्हटलं, "गाव्रोन्स्का राहणार. त्याला जोडून पाकुवा. दोन्ही." सेवेरिन म्हणाला, "लांब होईल, दारावरच्या पाटीवर मावणार नाही." मी म्हटलं, "पाटी मोठी करा."

लुदोमिर नाही आला. मी दाराकडे बघत नव्हते. सेवेरिन म्हणतो बघत होते.

बाहेर पायरीवर आलो तर उर्शुला उभी. केस विस्कटलेले, पळत आलेली, कडेवर सहा वर्षांची किंगा आणि दुसऱ्या हातात ताटलीत पाव आणि मीठ. "ट्राम बंद पडली," म्हणाली. "आई, सेवेरिनबाबा, घ्या, पाव-मिठाने स्वागत करतात ना." आणि मग रडायला लागली. "मला वाटलं चुकलं. मला वाटलं तुम्हाला वाटेल कुणीच आलं नाही."

मी म्हटलं, "लुदोमिर काय म्हणेल?"

"म्हणू दे," ती म्हणाली. "मी तुमच्याकडूनच शिकले."

नऊ वर्षं एका स्वयंपाकघरात काढली आम्ही. मला वाटायचं मला माणसं कळतात.

रविवार, १८ नोव्हेंबर

लुदोमिर आला. माझी ट्रंक एकट्याने वर आणली, सेवेरिनला हात लावू दिला नाही. आत ये म्हटलं, आला नाही. पण दारातूनच वाकून गॅसच्या नळाचा वास घेतला, खोलीत ऊब किती आहे ते हात पुढे करून पाहिलं. म्हणाला, "थंडी वाजली तर फोन कर. मी हीटर आणून देईन." सेवेरिनला म्हणाला, "तिला सकाळी चहाआधी बोललेलं चालत नाही." आणि उतरला. जिन्यावर तो बराच वेळ थांबला होता, पावलं ऐकू येत नव्हती. बूट बांधत असेल.

रविवार, २५ नोव्हेंबर

सकाळी बर्फ भुरभुरत होतं. सेवेरिन आत आंबट सूप ढवळत होता, मी खिडकीशी बसून बटणं लावत होते. खाली पंधरावीस माणसांचा घोळका आणि त्यांच्यापुढे छत्री उंच धरलेला एक वाटाड्या पोरगा. त्याचा आवाज गल्लीत घुमत होता, शब्द न् शब्द वर येत होता.

"लक्षात घ्या, मंडळी, तुम्ही बघताय ते सगळं युद्धानंतरचं. ही दारं, या खिडक्या, हा रस्ता. या गल्लीत जुन्यापैकी, मूळचं असं काहीही शिल्लक नाही."

मी सुईदोरा ठेवला. दोन्ही तावदानं उघडली. बर्फ आत आलं.

"मी आहे!" मी ओरडले.

सगळी डोकी वर. छत्रीवाल्याचं तोंड उघडंच.

"काय म्हणालात, बाई?"

"मी आहे म्हटलं! मूळची! एकोणीसशे तेवीसची! त्यांना सांग, खिडकी नवी आहे, आत बाई जुनी आहे!"

घोळक्यात कुणीतरी हसलं, एकाने टोपी काढली, मग आणखी दोघांनी. मी हात हलवला, राण्या हलवतात तसा.

आतून सेवेरिन ओरडला, "पोला, खिडकी लाव! सूप गार होतंय!"

"होऊ दे," मी म्हटलं, आणि तशीच उभी राहिले.